हो, अजून गाते

“अजून गाता का?”

हा प्रश्न मला एसटीत विचारलाय, मंडईत शेंगा मोजून घेताना विचारलाय, दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलाय. एकदा मयतीहून परत येताना एकानं विचारलं, तेव्हा मी नुसती मान हलवली. उदगीरकडचं माणूस असलं तर “गाणं सोडलीस का माय?” म्हणतं. पुण्यामुंबईचं असलं तर “सध्या नवीन काय?” पोटात दोघांच्याही एकच असतं. दिसत नाहीस, म्हणजे संपलीस. दरवेळी मी हसून “चालू आहे की” म्हणते आणि घरी येऊन भांडी आपटते.

टीव्हीचं तुम्हाला माहीतच आहे. २०१०, चॅनेलवरची गाण्याची स्पर्धा, शेवटचे सहा, अभंगाच्या भागात सगळे रडले आणि पुढच्याच आठवड्यात मी बाहेर. ते परत उगाळत नाही.

तर, गेल्या वर्षी मी एकसष्ट कार्यक्रम केले. हळदी, डोहाळजेवणं, गणपती, जत्रा, एका पतसंस्थेची वार्षिक सभा (सभासद लाभांशावरून भांडत होते आणि मी भावगीत गात होते), एका पुढाऱ्याचा वाढदिवस. निम्मी कामं भालकी-बिदरकडची, म्हणून कानडी गाणी देवनागरीत लिहून पाठ करते. अर्थ कळत नाही, पण उच्चार चुकला की पहिल्या रांगेतल्या आज्या लगेच एकमेकींकडे बघतात. हळदीचे पंधरा हजार मिळतात. त्यातून की-बोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि गाडीचं डिझेल. उरलेलं माझं. कधी उरतं, कधी नाही. बजेट कमी असलं तर वाजवणारी पोरं घरी आणि मी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर.

हे गाणं नाही का? तुम्ही लगेच म्हणाल, “तसं नाही हो, आम्ही मोठं म्हणत होतो.” मग मोठं कसं ठरतं तेही ऐका. आमच्याकडे गाण्याचा धंदा सोयाबीनवर चालतो. २०२४ च्या हंगामात सरकारनं हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर केला आणि लातूरच्या मार्केटात सौदे त्याच्या खालीच होत राहिले. त्या सीझनला मला तीन सुपाऱ्या परत आल्या. “ताई, यंदा पोराच्या मित्राचा डीजे आहे, भागवतो त्याच्यावर.” आणि २०१६ तर विचारूच नका. लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लावलं होतं आणि १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात जत्रेच्या कमिट्यांनी गाण्याची सुपारी द्यायची की टँकरची? माझी डायरी आहे, मार्च ते जून कोरी. तेव्हाही लोक विचारत होतेच, की गाणं सोडलं का.

मग येतो गायक रोहित राऊत. म्हणजे त्याचं नाव येतं. “आपल्या लातूरचाच ना तो, बघा कुठं गेला.” बघितलंय. २००९ साली ‘लिटिल चॅम्प्स’च्या महाअंतिम फेरीत पाच जण होते, कार्तिकी गायकवाड जिंकली, रोहित त्या पाचांत होता. पुढं दहा वर्षांनी तो ‘इंडियन आयडॉल’ला पुन्हा पहिल्यापासून ऑडिशनला उभा राहिला आणि दुसरा आला. मला त्याच्याबद्दल कौतुकच आहे. पण माझ्यासमोर त्याचं नाव घेणारा कुणीही ती मधली दहा वर्षं मोजत नाही. आणि जिंकून तरी काय? बिकानेरचा संदीप आचार्य २००६ ला ‘इंडियन आयडॉल’ जिंकला आणि २०१३ ला काविळीनं गेला, एकोणतिसाव्या वर्षी. हे मी कुणाला तोडायला सांगत नाही. खरं तर तोडायलाच सांगते. पण ते असू द्या.

आता दुसरं वाक्य, जे प्रश्नाच्या मागोमाग येतं. “आम्ही तुम्हाला मतं दिली होती हो.”

दिली होती. मला माहीत आहे. तेव्हाच्या स्पर्धा मेसेजवर चालायच्या. २००७ साली ‘इंडियन आयडॉल’मध्ये प्रशांत तमांगसाठी दार्जिलिंगकडच्या लोकांनी वर्गण्या काढून मेसेज पाठवले आणि तो जिंकला. तेव्हापासून प्रत्येक गावाला वाटायला लागलं की आपलं पोरगं आपणच जिंकवू शकतो. उदगीरला चौकात फ्लेक्स लागला. त्यावर माझ्यापेक्षा मोठे फोटो पुढाऱ्यांचे आणि माझं आडनाव चुकलेलं. एका मोबाइलच्या दुकानात रोज रात्री पोरं बसायची, सिमकार्डांचा ढीग, एक मेसेज तीन रुपयांना. त्या ढिगाजवळ कोण कोण बसलं होतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

माझे वडील, आप्पा, बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. तीस वर्षं. टीव्हीवर तुम्ही त्यांना बघितलंय: लाल कोट, खांद्यावर झालर, स्टेजवर चार ओळी वाजवल्या आणि परीक्षकांनी रुमाल काढले. जे दाखवलं नाही ते सांगते. क्लॅरोनेटला पत्ती असते, बोटाएवढ्या रुंदीची चपटी काडी. ती कोरडी वाजत नाही, ओठात धरून ओली करावी लागते. आप्पा पत्त्या एका हिंगाच्या डबीत ठेवायचे. नवरदेव परण्याला, म्हणजे वाजतगाजत लग्नाला, निघायच्या आधी अर्धा तास पत्ती तोंडात. पत्ती तोंडात असली की ते बोलायचे नाहीत. लहानपणी मला काही मागायचं असलं की मी तीच वेळ गाठायची, कारण तेव्हा ‘नाही’ म्हणता यायचं नाही त्यांना.

त्या भागात मी एक वाक्य बोलले होते. “माझ्या आप्पांना आता कुणाच्या दारात वाजवावं लागू नये, हे माझं स्वप्न आहे.” टाळ्या पडल्या. वाक्य मला लिहून दिलेलं होतं, हे खरं. एरवी मी “भाकरी खाल्ले” म्हणाले तरी तिथं हशा पिकायचा, हे वाक्य मात्र चारदा घोकून घेतलं. पण तोंड माझं होतं. आणि खरं सांगू, म्हणताना मला बरं वाटलं होतं. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला मी आज विचारते, दार म्हणजे काय गं? आणि तू जिथं उभी होतीस ते कुणाचं दार होतं? ती म्हणते, तुला काय जातंय आता बोलायला, तू तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत वरातीचे पैसे मोजलेत विसरलीस का? तिचंही खोटं नाही.

परत आल्यावर आप्पांनी कोट शागिर्दाला देऊन टाकला. मीच मागे लागले होते.

मे २०१२. देगलूर रोडवरचा एक फंक्शन हॉल. माझ्या नावाचा बोर्ड, त्यावर ‘टीव्ही स्टार’. चॅनेलशी केलेल्या करारात तीन वर्षं दुसऱ्या कुठं दिसायचं नव्हतं, पण लग्नात गायला मुभा होती, त्यातून त्यांचा हिस्सा कापून. लग्न दुपारचं, ऊन असं की माइकची जाळी ओठाला चटका देत होती. मी स्टेजवर आवाजाचा बॅलन्स करत होते आणि परण्या दारात आला. बँड जोरात. मला माझाच आवाज ऐकू येईना. साउंडवाला हात हलवतोय, मुलीचा मामा घड्याळ दाखवतोय. मी माइकवर म्हणाले, “बँडवाले, थांबा जरा.”

थांबले. ताशा थांबला, ट्रम्पेट थांबलं, मोठा ढोल एकदा वाजून थांबला. एक क्लॅरोनेट थांबलं नाही. चार सूर पुढं गेलं, खाली उतरलं, सा वर टेकलं, मग बंद झालं.

गाणं मधेच टाकून थांबायचं नाही, सा वर आणून सोडायचं, हे मला कुणी शिकवलं ते मला बघायची गरज नव्हती. तरी बघितलं. मरून कोट, खांद्यातून दोन बोटं मोठा. दुसऱ्या कुणाचा तरी. टोपी डोळ्यांवर. पत्ती ओठात. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि क्लॅरोनेटचं तोंड पुसायला खाली वाकले. पुसायला किती वेळ लागतो? ते वाकलेलेच राहिले.

मी साउंडवाल्याकडे वळले आणि म्हणाले, “इको कमी करा.”

एवढंच. मी स्टेजवरून उतरले नाही, आप्पा म्हणून हाक मारली नाही, काही नाही. दोन तास गायले. वाईट गायले असं तुम्हाला वाटत असेल, तर तसंही नाही. चांगलं गायले. एक वन्स मोअरही आला. याचाच मला जास्त राग येतो.

बँडवाल्यांची पंगत शेवटी, हॉलच्या मागं, भांडी घासायच्या जागेशेजारी. मी निघाले तर बँडमास्तर धावत आला. मुखेडकडचा होता, आमच्या घरचं त्याला काही ठाऊक नसावं. “ताई, एक फोटो. आमच्या पोरांसंग.” मग ओरडला, “या रे सगळे!” सगळे आले. त्यानं मोजलं. “एक कमी हाय की.” कुणीतरी म्हणालं, “त्ये म्हातारं पानी प्याया गेलंय.” मास्तर म्हणाला, “जाऊ द्या.” फोटो काढला. मी हसले, मला हसायची सवय होती.

रात्री घरी आले तर आप्पा आधीच आलेले. मी विचारलं, कुठं गेला होतात? म्हणाले, “लातूरला. मार्केटात.” मी बरं म्हणाले.

आईनं महिनाभरानं सांगितलं. छत्तीस हजार काढले होते, शेकडा तीननं, २०१० च्या त्या दोन महिन्यांत. मेसेजसाठी. हिशोब करायला मला वही लागली नाही. बारा हजार मतं माझ्या बापाची होती. मला बाहेर काढलं त्या आठवड्यातली सुद्धा. ते कर्ज फेडायला आप्पा बाहेरगावच्या बँडमध्ये, उसन्या कोटात, जिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा लग्नांत जात होते.

म्हणून “आम्ही मतं दिली” असं कुणी म्हणालं की माझा चेहरा असा का होतो, ते आता कळलं असेल. तुमच्यावर राग नाही. थोडा आहे.

त्यानंतर दोन वर्षं मी गायले नाही. हो, इथं तुमचा प्रश्न बरोबर आहे, तेव्हा मी सोडलं होतं. सगळ्यांना सांगितलं, घशाला गाठी आल्यात, डॉक्टर बोलूही देत नाहीत. गाठीबिठी काही नव्हत्या. लातुरात एका शिकवणीच्या क्लासमध्ये फोन घ्यायला बसले होते, दिवसभर पालकांशी बोलत. एका बाईंनी फोनवर आवाज ओळखला. “तुम्ही त्या टीव्हीवाल्या का?” मी म्हणाले, नाही, पुष्कळ जण असंच म्हणतात. खोटं बोलताना आवाज छान लागला होता.

परत कशी आले याची गोष्ट लोकांना मोठी हवी असते. नाही. २०१४ च्या गणपतीत एका ऑर्केस्ट्राची गायिका आजारी पडली, मालकाचा फोन आला आणि घरात कर्जाचे नऊ हजार उरले होते. तेवढंच. नंतर फोन येत गेले, मी जात गेले.

त्या दुपारी मी खाली उतरायला हवं होतं का? काही दिवस वाटतं, हो, आणि माइक त्यांच्या हातात द्यायला हवा होता. मग वाटतं, हा तर त्या टीव्हीच्या भागासारखाच देखावा झाला असता, परत टाळ्या, परत रुमाल. ते वाकले ते मला वाचवायला की स्वतःला? मी इको कमी करायला सांगितला तो कुणासाठी? आम्ही दोघांनीही याबद्दल एक शब्द काढलेला नाही. आता आप्पांचे पुढचे दात पडलेत, पत्ती धरता येत नाही. माझी रेकॉर्डिंगं मोबाइलवर ऐकतात आणि सांगतात, दुसऱ्या कडव्याला दम तोकडा पडला. बरोबर असतं. आता तर पत्ती तोंडात नसते, विचारलं तर बोलतील. तरी विचारलं जात नाही.

परवा भालकीला हळद आहे, दोन कानडी गाणी पाठ व्हायचीत. मुखेडकडची सुपारी आली की मी आधी दारातला बँड बघते. तो मास्तर भेटला तर फोटो मागायचा, असं मनात आहे. अजून भेटलेला नाही. आता तिकडं बँडच्या जागी सगळ्या बेंजो पार्ट्याच असतात.