भाचीच्या खोलीसाठी कॅबिनेट

चंद्रपूरहून नागपुरात शिकायला आलेल्या माझ्या भाचीने आर्किटेक्चरच्या पहिल्या दोन वर्षांत तीन खोल्या बदलल्या. एकदा घरमालकाने भाडे वाढवले, एकदा मैत्रीण सोडून गेली आणि एकदा मेस लांब पडू लागली. तिसऱ्या वर्षी रेंडरची, म्हणजे आराखड्यावरून इमारतीचे हुबेहूब चित्र संगणकावर तयार करण्याची, कामे सुरू झाली, तेव्हा तिचा लॅपटॉप मे महिन्याच्या दुपारी मिक्सरसारखा आवाज करू लागला आणि दहा मिनिटांत मंदावू लागला. डेस्कटॉप घ्यायचे ठरले. परंतु तो दिवाळीला व उन्हाळ्यात चंद्रपूरला न्यावा लागणार आणि मधे खोली बदलली तर पुन्हा उचलावा लागणार, हे तिने आधीच सांगितले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आम्ही एका संध्याकाळी निवडून मोकळे झालो. कॅबिनेट, म्हणजे हे सारे भाग ज्यात बसतात तो डबा, निवडण्यात मात्र तीन आठवडे गेले.

लहान डेस्कटॉपचा विचार मदरबोर्डापासून, म्हणजे सारे भाग जिला जोडले जातात त्या मुख्य पाटीपासून, सुरू होतो. नेहमीचा, एटीएक्स या मापाचा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, तर व्हिया कंपनीने २००१ मध्ये पुढे आणलेला मिनी-आयटीएक्स मापाचा बोर्ड १७० मिलिमीटरचा चौरस असतो. त्यावर रॅमच्या बहुधा दोनच खाचा आणि कार्डासाठी एकच खाच मिळते, पण विद्यार्थ्याला त्याहून जास्त क्वचितच लागते. या बोर्डासाठी केलेली कॅबिनेटे लिटरमध्ये मोजतात. आकड्यांवरून अंदाज येत नसेल, तर खोल्याखोल्यांतून दिसणारा पाण्याचा वीस लिटरचा कॅन डोळ्यांपुढे आणावा. बाजारात मिळणारे साधे टॉवर कॅबिनेट अशा दोन कॅनांएवढे भरते.

भाचीला अर्थातच सर्वांत लहान कॅबिनेट आवडले. डॅन ए४ हे ७.२ लिटरचे आणि फ्रॅक्टल टेरा हे १०.४ लिटरचे, अशी दोन चित्रे तिने मला पाठवली. दोन्ही देखणी आहेत. टेराच्या दर्शनी भागावरची लाकडी पट्टी मलाही मोहात पाडून गेली. तरीही मी नकार दिला, आणि त्याचे कारण नागपूरचे ऊन होते.

हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा थंड होऊ शकत नाही. तो खोलीच्या वर किती अंश जाईल, एवढेच प्रोसेसरवरचा कूलर (त्याला थंड ठेवणारा पंखा आणि धातूच्या पात्यांचा संच) आणि कॅबिनेट ठरवतात. संगणकाची एखादी जुळणी पूर्ण भाराखाली खोलीपेक्षा ५० अंशांनी वर जात असेल, तर २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ती ७५ अंशांवर थांबते. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाल्यावर दुपारी पत्र्याखालच्या किंवा सर्वांत वरच्या मजल्यावरच्या खोलीत चाळीस अंश असले, तर तीच जुळणी ९० वर जाते. आम्ही निवडलेल्या रायझन ५ ७६०० या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे आणि तिच्या जवळ गेल्यावर तो आपला वेग आपणच कमी करतो. लॅपटॉपचे जे दुखणे होते तेच पैसे खर्चून पुन्हा घरात आणायचे, असा त्याचा अर्थ झाला असता. डॅन ए४ मध्ये प्रोसेसरवरचा कूलर ४८ मिलिमीटर उंचीपर्यंतच बसतो, टेरामध्ये ७७ पर्यंत. कूलर मास्टरचा एनआर२०० हा १८.२५ लिटरचा डबा आहे. त्याची बाजूची जाळी लावली तर १५५ मिलिमीटरपर्यंतचा उभा कूलर मावतो आणि पंखे लावायलाही भरपूर जागा उरते. जास्तीच्या आठ लिटरांत ही सोय होत असेल, तर नागपुरात ती घ्यावी, असे माझे मत पडले. पुण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला मी कदाचित टेराच सुचवला असता.

खोलीतल्या कूलरचा (येथे कूलर म्हणजे वाळ्याचा वा गवताचा, खिडकीत बसवलेला) विचार वेगळा करावा लागला. त्याच्या दमट हवेने संगणक बिघडेल अशी तिच्या आईला भीती होती. ती तितकी खरी नाही, कारण चालू संगणकाचे भाग हवेपेक्षा गरम असतात आणि गरम पृष्ठभागावर दव धरत नाही. त्रास होतो तो पंख्याबरोबर उडणाऱ्या तुषारांचा आणि बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचा, जे वाळल्यावर पांढऱ्या भुकटीच्या रूपात जाळीवर बसतात. म्हणून कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवायचे नाही, एवढे पथ्य आम्ही ठरवले. फरशीवरही ठेवायचे नाही, कारण तिथे पोछ्याचे पाणी आणि कूलरखालची गळती दोन्ही असतात. मग ते टेबलावरच आले. आणि आर्किटेक्चरच्या मुलीच्या टेबलावर ए१ कागद पसरला, म्हणजे ८४१ बाय ५९४ मिलिमीटर, की उरते ती कडेची वीतभर पट्टी. एनआर२०० ची रुंदी १८५ मिलिमीटर आहे. पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा कापून मी तिच्या टेबलावर ठेवून पाहिला आणि मगच पैसे भरले.

काचेची बाजू असलेले कॅबिनेट मी कोणत्याही विद्यार्थ्याला सुचवणार नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या संगणकाची काच पुसायला काढून मी सिरॅमिकच्या फरशीवर उभी टेकवली. ती पडली नाही, आपटली नाही. फरशीला कड लागताच तिचा ज्वारीच्या दाण्यांएवढा चुरा झाला. टेम्पर्ड काचेच्या आत ताण साठवलेला असतो आणि कठीण सिरॅमिकने तिच्या कडेला बारीकसा ओरखडा पाडला तरी तो ताण एकदम मोकळा होतो. दर सहा महिन्यांनी सामान बांधणाऱ्याने पत्रा आणि जाळीच घ्यावी.

या निवडीची किंमत मोजावी लागली, हे लपवत नाही. मिनी-आयटीएक्स बोर्ड त्याच क्षमतेच्या मोठ्या बोर्डापेक्षा बराच महाग पडतो, पॉवर सप्लायही एसएफएक्स या लहान मापाचा घ्यावा लागतो, आणि सीताबर्डीच्या ज्या दुकानांत आम्ही चौकशी केली तिथे दोन्ही मागवूनच मिळणार होते. जो वर्षातून एकदाच खोली बदलतो, त्याने असूसचा एपी२०१ पाहावा. तो ३३ लिटरचा आहे, सर्व बाजूंनी जाळीचा आहे आणि त्यात मायक्रो-एटीएक्स या मधल्या मापाचा स्वस्त बोर्ड बसतो. मात्र तो मांडीवर घेऊन एसटीत बसण्याचा विचार करू नये.

राहिला प्रश्न उचलायच्या मुठीचा. बिटफिनिक्सने २०१२ मध्ये प्रॉडिजी नावाचे वर-खाली वाकड्या मुठी असलेले कॅबिनेट काढले होते. एनआर२०० ला मूठ नाही. नागपूरच्या महाल भागात कॅनव्हासच्या पिशव्या शिवणारे एक काका आहेत. त्यांना मी मापे दिली, जुन्या गादीतला फोम दिला आणि एकच अट घातली, की पट्टे बाजूंना न शिवता डब्याच्या बुडाखालून पूर्ण फिरवायचे, म्हणजे वजन शिलाईवर न येता पट्ट्यावर येईल. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, ‘‘सिलिंडर नेता का भाऊ यात?’’

नेण्याची पद्धत भाचीने आता पाठ केली आहे. लांबच्या प्रवासाआधी ती ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवते, कारण किलोभर वजनाचे कार्ड आडवे लटकत असते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला त्याची खाच हिसका खाते. जवळच खोली बदलायची असेल तर कार्ड न काढता डबा कुशीवर निजवते, मदरबोर्ड तळाशी येईल असा. मग कार्ड आणि उभा कूलर दोन्ही सरळ उभे राहतात आणि त्यांचा भार बोर्डावर लोंबत नाही. पहिल्यांदा ऑटोत तिने तो चुकीच्या कुशीवर ठेवला होता, आणि बजाजनगरपासून प्रतापनगरपर्यंत मी तो हातांवर तोलून धरला होता.

गेल्या मे महिन्यात ती चंद्रपूरला निघाली, तेव्हा गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्याला आम्ही ती पिशवी अडकवून पाहिली. कार्ड वगळून आठ किलोंना थोडे कमी भरले. रद्दीवाल्याने भाव सांगायला सुरुवात केली होती, तेवढ्यात तिने पिशवी खांद्याला लावली.