ओल्या लाकडाची खुर्ची

माझे आजोबा कणकवलीकडचे सुतार. लाकूड चांगलं मुरल्याशिवाय ते त्याला रंधा लावत नसत. दोन पावसाळे जाऊ देत, मग बघू, म्हणायचे. त्यामुळे खुर्ची शिकायला गेले त्या पहिल्या सकाळी आदल्याच दिवशी पाडलेला, बीच नावाच्या झाडाचा ओंडका समोर आला, तेव्हा मी दचकलेच. कुऱ्हाडीच्या घावासरशी त्यातून पाणी पाझरत होतं.

लंडनच्या वायव्येला चिल्टर्न टेकड्यांत हाय विकम नावाचं गाव आहे. विंडसर खुर्च्या, म्हणजे पाय आणि पाठीच्या काड्या थेट लाकडी बैठकीच्या भोकांत बसवलेल्या खुर्च्या, हीच त्याची ओळख. इथल्या फुटबॉल संघाला आजही ‘चेअरबॉइज’ म्हणतात, आणि १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणी आली तेव्हा तिच्या स्वागताची कमान खुर्च्या रचून उभारली होती. त्या खुर्च्यांचे पाय मात्र गावात नाही, रानात तयार व्हायचे. ‘बॉजर’ म्हणवणारे कारागीर बीचच्या जंगलातच पाय कातायचे आणि ग्रोसच्या हिशेबाने, म्हणजे १४४ नगांनी, गावातल्या कारखान्यांना विकायचे.

त्यांच्याच पद्धतीने आम्ही आठवडाभर काम केलं. पायांसाठी करवत जवळजवळ लागतच नाही. ओंडका पाचरीने फोडायचा. करवत लाकडाचे रेषे कापत जाते, फोडलेलं लाकूड मात्र रेषेरेषेनेच सुटतं, म्हणून बारीक पायही माणसाचं वजन पेलतो. मग लाकडी घोड्यावर बसून पायाने लाकूड दाबून धरायचं आणि दोन मुठींची सुरी अंगाकडे ओढत ते तासायचं.

नंतर लेथ, म्हणजे लाकूड फिरवत कातायचं यंत्र. वर एक लवचीक फोक, त्याला बांधलेली दोरी लाकडाभोवती वेढा घेऊन खालच्या पायफळीला येते. फळी दाबली की लाकूड आपल्याकडे फिरतं, सोडली की फोक ते उलटं फिरवतो. पाय खाली जाताना तेवढी पटाशी टेकवायची, वर येताना किंचित मागे घ्यायची. हा ताल अंगात यायला मला दोन दिवस लागले. ओल्या लाकडाच्या लांबच लांब ढलप्या निघतात आणि तोंडावर गार पाण्याचे शिंतोडे उडतात. ते सुख मला सांगता येणार नाही.

बैठक एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाची. त्याचे रेषे एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे चार भोकं पाडली तरी ती सहसा उलत नाही. १९६० च्या दशकाअखेरीपासून आलेल्या रोगाने इंग्लंडमधले कोट्यवधी एल्म मेले, म्हणून आमच्या गुरूंनी ती फळी दोन्ही हातांनी जपून माझ्यापुढे ठेवली. मी ती वाकसाने खोलगट केली.

आणि मग ओल्या लाकडाचं कोडं सुटलं. कातलेले पाय उबेला ठेवून कडकडीत वाळवतात, बैठकीत मात्र थोडी ओल राहू देतात. सांधा बसला की कोरडं कुसू, म्हणजे पायाचं भोकात बसणारं टोक, ती ओल पिऊन फुगतं, आणि बैठक वाळताना त्याच्याभोवती आवळत जाते. वरून एक पाचर, तीही बैठकीच्या रेषांना आडवी, नाहीतर फळी चिरते. आजोबा लाकडातलं पाणी आधी जाऊ देत. इथे त्याच पाण्याला कामाला लावतात.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना खुर्ची दाखवली. पाठीची कमान, तिच्या काड्या, सगळं त्यांनी गप्प राहून पाहिलं. मग म्हणाले, “बसान बघ.” मी बसले. “पाचर खंय मारलंस?” मी उठले, फोन बैठकीजवळ नेला, आणि चारही पाचरी त्यांना एकेक करून दाखवल्या.