पदं नव्हे, गद्य

संगीत नाटकाचा प्रयोग पंधरवड्यावर आलेला आणि नायिकेचा आवाज तार षड्जापलीकडे, म्हणजे वरच्या 'सा'पुढे, फुटत होता. तिनं मला विचारलं, "बाई, पट्टी उतरवू का?" पट्टी, म्हणजे 'सा' धरायची पेटीची पट्टी, नेहमीचीच, काळी चार. तिच्या तार षड्जाला स्वरतंतू सेकंदाला सुमारे ४१५ वेळा एकमेकांवर आपटतात.

मी तिला मोठ्यानं गाऊच दिलं नाही. तार गंधार (वरचा 'ग') अगदी हळू, 'ऊ'कारात लावायला सांगितला. आधी नुसती हवा आली, मग स्वर. जोर लावला की हा दोष झाकला जातो. हळू गाताना सूज लपत नाही. लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धाडली. स्ट्रोबोस्कोपीत, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात केलेल्या स्वरतंतूंच्या तपासणीत, दोन्ही तंतूंवर समोरासमोर मऊ गाठी दिसल्या. रक्तस्राव नव्हता, असता तर पूर्ण मौन आणि प्रयोग रद्द.

कारण तालमीत सापडलं. डोक्यावर पंखे, शेजारच्या वखारीतून हळदीची धूळ, आणि ही प्रत्येक वाक्याचा शेवट घशानं रेटतेय. तंबोरा जुळवून संवाद म्हणवले. तिचं साधं बोलणं षड्जाच्या आसपास, रंगमंचावरचं थेट वर पंचमावर ('प'वर)! पदांत श्वासाच्या जागा ठरलेल्या असतात, गद्यात कुणी ठरवतच नाही. संहितेवर पेन्सिलनं त्या खुणावल्या आणि बोलणं पुन्हा षड्जाजवळ आणलं. दिग्दर्शक म्हणाले, "सांगलीत १८४३ पासून नाटक होतंय, तेव्हा कुठं माइक होता?" खरंय, पण तेव्हा डोक्यावर पंखेही गरगरत नव्हते.

गाण्याआधी पाच मिनिटं स्ट्रॉ. पेल्यातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची आणि फुंकताना आवाज मंद्रातून (खालच्या सप्तकातून) वर सरकवत न्यायचा. तोंडाशी दाब तयार होतो, तंतू हलक्यानं भिडतात. बुडबुडे एकसारखे हवेत. उसळले तर श्वास ढकलला जातोय. कुजबुज बंद, कारण काहींचा घसा त्यातही आवळतो. खाकरणं बंद, त्याऐवजी घोटभर पाणी. वाफ साध्या पाण्याची, बाम न घालता. ज्येष्ठमधानं घशाला बरं वाटतं, पण ते स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पोचलं तर ठसका लागेल.

पंधरवड्यात गाठी जात नाहीत, सूज तेवढी उतरते. म्हणून पट्टी काळी चारच ठेवली, पण तालमीत तार सप्तकातल्या जागा खालच्या सप्तकात गाऊन भागवल्या. वन्समोअर एकाच पदाला, हे पेटीवाल्यांशी आधीच ठरलं होतं. दुसऱ्याला आरोळी उठली, तशी त्यांनी पुढच्या पदाची सुरावट धरली.