घन, गोल आणि दृष्टी आलेला माणूस

आयर्लंडमधील डब्लिन शहरात राहणारे विल्यम मॉलिन्यू हे प्रकाशशास्त्राचे अभ्यासक होते आणि त्यांच्या पत्नीची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती. १६८८ साली त्यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्यासाठी एका पत्रातून एक प्रश्न धाडला. जन्मांध असलेला एक माणूस मोठा झाला आहे. एकाच धातूचे आणि जवळपास सारख्याच मापाचे घन व गोल त्याला हाताने चाचपून ओळखता येतात. अशा माणसाला अचानक दृष्टी आली आणि त्या दोन वस्तू त्याच्यापुढे मेजावर ठेवल्या, तर हात न लावता, नुसते पाहून, घन कोणता आणि गोल कोणता हे तो सांगू शकेल काय? पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. १६९३ मध्ये मॉलिन्यूंनी प्रश्न पुन्हा लिहून पाठवला आणि लॉक यांनी तो आपल्या मानवी आकलनावरील ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत घातला. दोघांचेही उत्तर ‘नाही’ असे होते.

मानवी संवेदनाचा अभ्यास निरनिराळी शास्त्रे कशी करतात हे समजून घ्यायला मला या एका प्रश्नाइतका चांगला धागा सापडलेला नाही. तत्त्वज्ञ, शल्यचिकित्सक, शरीरक्रियाशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मानवशास्त्रज्ञ आणि आता संगणकावर काम करणारे संशोधक असे सगळे या प्रश्नापाशी, किंवा त्याच्या अगदी जवळ, येऊन गेले आहेत. प्रत्येकाने काही ना काही उत्तर दिले. पण बारकाईने वाचले तर असे दिसते की उत्तर देण्याआधी प्रत्येकाने तो प्रश्न आपल्या साधनांना पेलेल असा करून घेतला होता.

तत्त्वज्ञांना मुळात शस्त्रक्रियेशी कर्तव्यच नव्हते. लॉक यांचे म्हणणे असे की, हाताला जाणवणारा कोपरा डोळ्याला कसा दिसतो हे अनुभवानेच कळते, आणि या माणसाला तो अनुभव अजून आलेला नाही. १७०९ मध्ये जॉर्ज बर्कली त्याहून पुढे गेले: दिसणारा आकार आणि स्पर्शाला कळणारा आकार या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत आणि केवळ सवयीने आपण त्यांना एकाच नावाने ओळखतो, असे त्यांनी मांडले. लायबनिट्स यांनी मात्र एका अटीवर ‘होय’ म्हटले. समोरच्या दोन वस्तूंपैकी एक घन आहे आणि एक गोल आहे, एवढे त्या माणसाला आधी सांगितले असेल, तर तो विचार करून ओळखू शकेल, कारण घनाला आठ कोपरे असतात आणि गोलाच्या पृष्ठभागावर कोणताही बिंदू दुसऱ्याहून वेगळा नसतो. भूमिती ही हाताची वेगळी आणि डोळ्याची वेगळी अशी नसते. लायबनिट्स यांची ही अट मला फार महत्त्वाची वाटते. ओळखणे म्हणजे चटकन दिसणे, की दिसलेल्यावर तर्क चालवून निष्कर्षाला येणे, हा भेद तिच्यामुळे प्रथम उघडा पडतो, आणि पुढच्या प्रयोगांत तो वारंवार निसटतो.

आपल्याकडच्या न्यायदर्शनात हाच अनुभव वेगळ्या कामासाठी वापरलेला आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाचा आरंभ ‘दर्शनस्पर्शनाभ्यामेकार्थग्रहणात्’ या सूत्राने होतो. जी वस्तू मी पाहिली तीच मी स्पर्शिली, असे ज्ञान आपल्याला होते; ते डोळ्याला होणे शक्य नाही, कारण डोळ्याला स्पर्श कळत नाही, आणि त्वचेलाही होणे शक्य नाही; म्हणून इंद्रियांहून निराळा असा कोणी ज्ञाता मानावा लागतो, असा हा युक्तिवाद आहे. नैयायिकांनी दोन इंद्रियांची सांधणी गृहीत धरून आत्मा सिद्ध केला. लॉक यांना ती सांधणी होते कशी, हेच शोधायचे होते. (हे ‘आपल्याला आधीपासून ठाऊक होते’ छापाचे विधान नाही. नैयायिकांच्या युक्तिवादाला जन्मांधाच्या चाचणीची गरजच नव्हती.)

शल्यचिकित्सकांकडे खरी माणसे होती. डोळ्यातील गढूळ भिंग सुईने बाजूला सारण्याची क्रिया सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्णिलेली आहे, आणि लंडनचे विल्यम चेसेल्डन यांनी १३-१४ वर्षांच्या एका मुलावर केलेली क्रिया त्याच जातीची होती. १७२८ साली त्यांनी तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जे जे दिसते ते आपल्या डोळ्याला टेकलेले आहे, असे त्या मुलाला वाटे. मांजर कोणते आणि कुत्रा कोणता हे तो विसरत असे, आणि विचारायची लाज वाटल्यामुळे एकदा त्याने मांजराला पकडून, चाचपून, नीट न्याहाळून पुढच्या वेळी तुला ओळखेन असे बजावले. हा प्रसंग युरोपभर गाजला आणि लॉक-बर्कली यांचा विजय म्हणून मिरवला गेला. पण चेसेल्डन यांनी त्या मुलापुढे घन आणि गोल कधी ठेवलेच नव्हते. शिवाय शस्त्रक्रियेपूर्वीही त्याला दिवस-रात्र कळत होती आणि भरपूर उजेडात काळा, पांढरा व भडक लाल रंग ओळखता येत होता. कथा चांगली आहे. पुरावा म्हणून ती फार लंगडी आहे.

अशाच एका रुग्णाचा अभ्यास रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो उलट दिशेला बोट दाखवतो. एस. बी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या गृहस्थांना ५२ व्या वर्षी कॉर्नियाचे (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे) रोपण करून दृष्टी मिळाली. भिंतीवरच्या घड्याळातील वेळ त्यांना जवळजवळ लगेच सांगता आली, कारण काच काढलेल्या घड्याळाचे काटे चाचपण्याची त्यांना अनेक वर्षांची सवय होती. इंग्रजीतील मोठी अक्षरे त्यांना वाचता आली, लहान अक्षरे मात्र नाही; अंधशाळेत त्यांना मोठी अक्षरेच बोटांनी शिकवलेली होती. स्पर्शाने कमावलेले ज्ञान डोळ्याच्या कामी आल्याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच मिळेल. अडचण एवढीच की त्यांची दृष्टी जन्मानंतर काही महिन्यांनी गेली होती, म्हणजे ते काटेकोर अर्थाने जन्मांध नव्हते.

त्याच वर्षी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीसेल यांनी मांजराच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लाची एक पापणी जन्मानंतर लवकरच शिवून टाकली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली, तर मेंदूच्या दृष्टीविषयक भागातील पेशी त्या डोळ्याला जवळजवळ प्रतिसादच देत नाहीत. प्रौढ मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असे होत नाही. या मालिकेतील कामासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इथे प्रश्नाचे रूपच पालटले. माणूस घन ओळखेल काय, याऐवजी ओळखण्याचे काम करणाऱ्या पेशी शाबूत असतील काय, असे विचारले जाऊ लागले. याचा वैद्यकावर दुहेरी परिणाम झाला: जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांतच काढावा हे पटले, आणि ती वेळ टळली की शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असा समजही घट्ट झाला.

हा समज तपासायला भारतात प्रकल्प प्रकाश उभा राहिला. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील प्राध्यापक पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या या कामात, उपचार न मिळालेल्या जन्मांध मुलांवर दिल्लीच्या श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया होतात आणि त्यांची दृष्टी कशी घडते याचा अभ्यास केला जातो. मॉलिन्यूंच्या प्रश्नाची चाचणी त्यातल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवर, पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत झाली आणि २०११ साली प्रसिद्ध झाली. धातूचा घन आणि गोल न घेता खेळण्यातल्या ठोकळ्यांसारख्या २० जोड्या बनवल्या होत्या. मुलाला एक ठोकळा द्यायचा आणि मग दोनांपैकी तोच कोणता हे विचारायचे, अशी सोपी रीत. चाचपलेला ठोकळा पुन्हा चाचपून ओळखण्यात सरासरी ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. पाहिलेला पाहून ओळखण्यात ९२ टक्के. पण चाचपलेला ठोकळा पाहून ओळखण्यात केवळ ५८ टक्के, म्हणजे नाणे उडवून जेवढी येतील त्याहून थोडीच अधिक. काही मुलांची चाचणी पुढे पुन्हा घेता आली, तेव्हा अवघ्या पाच दिवसांतही हे प्रमाण बरेच वाढल्याचे दिसले.

या प्रयोगाचे खरे बळ मला ५८ या आकड्यात दिसत नाही, ९२ मध्ये दिसते. नुकताच उघडलेला डोळा धूसरच पाहत असेल, ही चेसेल्डनच्या मुलाबाबत घेता येणारी हरकत या मधल्या चाचणीने बरीचशी निकालात काढली. तरी तत्त्वज्ञ जॉन श्वेंकलर यांनी पेच टाकलाच: दोन चित्रे सारखी दिसतात एवढे ओळखायला वस्तूचा त्रिमितीय आकार डोळ्याला कळलेला असावाच लागतो असे नाही, रेषा आणि छटा जुळल्या तरी काम भागते. तो आकारच अजून दिसत नसेल, तर स्पर्शाशी जोडायला डोळ्याकडे काही नव्हतेच. म्हणून त्यांनी त्या मुलांना वस्तूंभोवती फिरू द्यावे असे सुचवले. ही सूचना हवेतली नाही. सिन्हांच्याच गटाला आढळले आहे की उशिरा दृष्टी आलेल्या माणसाला स्थिर चित्रात एक वस्तू कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे कळत नाही, सावलीसुद्धा त्याला वेगळी वस्तू वाटते. आणि तीच वस्तू हलू लागली की सुटी होऊन दिसते.

एक गोष्ट खटकते ती सांगून टाकतो. श्रीमंत देशांत अशी मुले तान्ही असतानाच शस्त्रक्रिया होऊन जातात. या प्रयोगाला आठ-दहा वर्षांची मुले मिळतात ती उत्तर भारतातल्या खेड्यांमध्ये उपचार पोहोचले नाहीत म्हणून. प्रकल्प आधी उपचार करतो आणि मग अभ्यास, हे योग्यच आहे, पण ज्ञानाची ही खाण कशाने तयार झाली हे विसरून निष्कर्ष वाचता येत नाहीत.

मानवशास्त्राने वेगळीच वाट धरली. म्युलर-लायर आकृतीत सारख्या लांबीच्या दोन रेषा टोकांच्या बाणांमुळे लहान-मोठ्या वाटतात. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १८९८ मध्ये टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर आणि पुढे निलगिरीतील तोडा लोकांमध्ये अशा आकृत्या दाखवल्या, तेव्हा हे लोक या आकृतीला इंग्रजांपेक्षा कमी फसले, आणि आडव्या-उभ्या रेषांच्या दुसऱ्या एका भ्रमाला अधिक. ‘मागासलेली’ माणसे सरसकट जास्त फसतील ही त्या काळची अपेक्षा त्यामुळे मोडली. १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी अनेक समाजांतील मोजमापे एकत्र करून अनुमान काढले की चौकोनी खोल्या आणि सरळ कोपरे यांत वाढलेल्या माणसाच्या डोळ्याला असे फसण्याची सवय लागते. मग २०१५ मध्ये प्रकल्प प्रकाशने नुकतीच दृष्टी आलेल्या ९ मुलांना तीच आकृती दाखवली, आणि ती मुले लगेच फसली. त्यांनी एकही कोपरा कधी पाहिला नव्हता! काहींनी यावरून १९६६ चे काम मोडीत काढले. मला ते घाईचे वाटते. समाजासमाजांतील फरक मोजलेले आहेत, ते कुठे जात नाहीत. कोसळते ते भ्रमाचा उगम पाहण्याच्या अनुभवात आहे एवढेच म्हणणे. तो अनुभव नंतर भ्रम वाढवतो किंवा कमी करतो, याला अजून जागा आहे.

प्राण्यांचीही भर पडली आहे. २०२० साली भुंग्यांसारख्या बंबलबी माश्यांना खरोखरच घन आणि गोल दिले गेले: उजेडात फक्त पाहता येतील असे, आणि अंधारात फक्त चाचपता येतील असे. एका मार्गाने शिकलेले त्यांनी दुसऱ्या मार्गाने ओळखले. अर्थात त्या माश्या जन्मांध नव्हत्या, त्यामुळे हे उत्तर मॉलिन्यूंच्या प्रश्नाच्या शेजारचे आहे.

सर्वांत ताजी वाट संगणकाची. २०२४ मध्ये सिन्हांच्या गटाने दाखवले की दृष्टी मिळालेली मुले रंगीत चित्रांतील वस्तू चांगल्या ओळखतात, पण रंग काढून घेतला की त्यांची ओळख बरीच घसरते. लहानपणापासून पाहणाऱ्या मुलांचे तसे होत नाही. नवजात बाळाची रंगदृष्टी कच्ची असते, म्हणून बहुधा मेंदू आधी उजेड-अंधाराच्या आधाराने वस्तू ओळखायला शिकतो आणि रंग मागाहून येतो, असा त्यांचा तर्क आहे. मेंदूतील पेशींच्या धर्तीवर रचलेल्या संगणकातील कृत्रिम जाळ्यांना आधी करड्या आणि मग रंगीत चित्रांवर शिकवले, तेव्हा ती रंगबदलाला कमी बिचकली. हा तर्क मला पटतो, पण या जाळ्यांना हात नाहीत. अनुभवाचा क्रम बदलला की दृष्टी कशी बदलते एवढे ती सांगू शकतात. चाचपलेला कोपरा आणि दिसलेला कोपरा एकच आहे हे कसे कळते, याविषयी या प्रयोगातून काही निघत नाही.