कडक ऊन, बारीक धार

दुपारचे साडेबारा, ऊन रणरणतंय आणि सौर पंपाची धार करंगळीएवढी. "एवढ्या उन्हात पण पाणी चढेना?" शेतकऱ्याचा प्रश्न.

पॅनेलच्या खालच्या कडेला बोटभर जाड धुळीचा थर बसलेला. पॅनेल उभी बसवलेली, म्हणजे सेलची (वीज बनवणाऱ्या चौकोनांची) खालची एकच ओळ झाकली तरी तिन्ही बायपास डायोड (झाकलेला भाग वगळून वीज पुढे नेणाऱ्या वाटा) कामाला लागतात, म्हणजे पॅनेलचे तिन्ही भाग बाद. आडवी असती तर बहुधा एकावर भागलं असतं. त्यात उष्णतेची भर: सेल २५ अंशांच्या पुढे तापला की दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. ६५ अंशांना सोळा टक्के गेले! (धुवायचं ते सकाळीच. तापल्या काचेवर गार पाणी नको, कोरडं फडकं तर नकोच, चरे पडतात.)

पण डोक्यात राहिली ती कंट्रोलरमधली वायर. ड्राय-रन सेन्सरची (पाणी संपलं की पंप थांबवणाऱ्या सेन्सरची), काढून गुंडाळून ठेवलेली. "पंप सारखा बंद पडायचा हो," शेतकरी म्हणाला.

अहो, बोअरचं पाणी खाली गेलं म्हणूनच तो बंद पडत होता! हजार लिटर शंभर मीटर चढवायला जेमतेम अर्धं-पाऊण युनिट लागतं, तेही फुकटचं. मग उपसा थांबवणार कोण?