पाण्याचा दिवस आणि नेमका गुरुवार

आज गुरुवार. भोसरी एमआयडीसीला सुट्टी म्हणजे मलाही सुट्टी, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाणार हे तर आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये शेंबड्या पोरालाही माहितीये. पण आज नेमका पाण्याचा दिवस पण गुरुवारीच आला. एक दिवसाआड पाणी म्हटलं की वार सरकत राहतो ना, या आठवड्यात मंगळ-गुरू-शनी, पुढच्यात सोम-बुध-शुक्र-रवी, म्हणजे दर पंधरा दिवसांनी हा योग ठरलेलाच, तरी दरवेळी आम्ही नव्याने दचकतो.

झालं असं की पहाटे पाणी आलं, खालची टाकी भरली, मोटर लावायचं काम या महिन्यात माझ्याकडे, आणि मी म्हटलं चहा घेऊन लावू. चहा झाला, पेपर झाला, नऊला लाईट गेली. खाली टाकी काठोकाठ, वर गच्चीवर खडखडाट. बिल्डिंगमध्ये बारा बिऱ्हाडं. खालच्या काकू काही बोलल्या नाहीत, फक्त एक रिकामी बादली माझ्या दारासमोर ठेवून गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी आणि पोरगा, दोरीला बादली बांधून टाकीतून उपसतोय आणि जिने चढतोय. तिसऱ्या खेपेला पोरगा विचारतो, पप्पा, पवना धरण 100 टक्के भरलं की तुम्ही स्टेटस टाकता, मग पाणी रोज का नाही? काय सांगणार. नोव्हेंबर 2019 पासून हे सुरू आहे आणि तेव्हाही धरण भरलेलंच होतं. मी समजावलं की धरणातलं पाणी आधी नदीत सोडतात, ते वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून निगडीला शुद्ध करतात, म्हणजे धरण कितीही भरलेलं असू दे, उचलायची आणि शुद्ध करायची ताकद आहे तेवढंच पाणी नळाला येणार, आणि शहर तर मोशी-चिखलीच्याही पुढे पसरलंय. पोरगा म्हणाला मग डायरेक्ट पाईप का नाही टाकत.

बायको जिन्यात उभी होती. तिचं माहेर पवन मावळातलं, म्हणजे याच पवना नदीच्या काठचं. ती म्हणाली, टाकत होते की पाईप, जवळपास 35 किलोमीटरचा. पाणी पाईपने गेलं आणि नदी आटली तर काठचे पंप, विहिरी कशावर चालणार म्हणून लोक एक्स्प्रेसवेवर उतरले, 9 ऑगस्ट 2011, बऊरला पोलिसांचा गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. धरणात जमीन गेलेल्या कितीतरी जणांना तर अजून बदली जमीन मिळायचीये. एवढं बोलून तिने माझ्या हातातली बादली घेतली आणि वर गेली. पाईपचं काम तेव्हापासून बंदच होतं, 2023 ला त्यावरची स्थगिती उठली ते मी पेपरात वाचलेलं, आणि खरं सांगतो, तेव्हा मला आनंदच झाला होता. तिला ते कधी बोललो नाही. आजही नाही बोललो.

दुपारी सगळ्यांनी मिळून भांडी घासायचं टाळलं, वडापाव आणले.

सव्वापाचला लाईट आली. मोटर लावली आणि यावेळी गच्चीवरच बसून राहिलो, टाकी भरेपर्यंत. पुढच्या पाण्याच्या गुरुवारी मोटर दुसऱ्या मजल्यावाल्यांकडे आहे, ते पण चहावाले आहेत.