दोन पिढ्या एकाच खाद्यावर

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी पुण्यात मी ज्या प्रयोगशाळेत प्रकल्प केला, तिथे आठवड्यातून दोनदा केळी-गुळाचं खाद्य शिजायचं. केळी मिक्सरमधून काढायची, त्यात गूळ, जवाचं पीठ, यीस्ट आणि अगार घालून शिजवायचं, जरा निवलं की बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिऑनिक आम्ल टाकायचं आणि व्हायलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या नळ्यांमध्ये, ओतायचं. हे सगळं ड्रोसोफिलासाठी, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावतात त्या चिलटांसाठी. (आंब्यात अळ्या पाडणारी फळमाशी वेगळी.)

प्रयोगशाळेत माशांचे दोन गट होते. एक नेहमीच्या खाद्यावरचा. दुसरा कितीतरी पिढ्या निकस खाद्यावर वाढवलेला, सगळे पोषक घटक पाव हिश्श्यावर आणलेले. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला तादेउश कावेत्स्की यांच्या गटाने असेच प्रयोग केले आहेत, त्याच धर्तीवर. निकस खाद्याची सवय झालेल्या माशा चरबी वेगळ्या तऱ्हेने साठवतात का, एवढंच मला शोधायचं होतं.

मी दोन्ही गटांच्या माशा त्यांच्या त्यांच्या व्हायलमधून काढल्या, वाटल्या, चरबी फोडणारी विकरं निकामी व्हावीत म्हणून ते द्रावण 70 अंशांवर 5 मिनिटं तापवलं आणि ट्रायग्लिसराइड (शरीरात चरबी ज्या रूपात साठते ते) मोजलं. फरक ठळक होता. आलेख छापून मी मॅडमकडे गेले, खूप आनंदात.

त्यांनी एकच विचारलं, "या माशा आपापल्या खाद्यावरच वाढल्या ना? मग हा फरक इतक्या पिढ्यांनी घडवला की गेल्या दहा दिवसांच्या जेवणाने, हे तू कशावरून ठरवलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही, कारण वाचलेलं सगळं आठवत होतं. जास्त साखर मिळाली की एकाच माशीच्या मेदपिंडात (आपलं यकृत आणि चरबी या दोघांचं काम करणारा अवयव) ट्रायग्लिसराइड साचतं. खाद्यात ग्लुकोज भरपूर असेल तर पिष्ट पचवणारं अमायलेज कमी तयार होतं. मेंदूतल्या काही पेशी इन्सुलिनसारखी प्रथिनं सोडतात, त्यांचं प्रमाणही खाण्यावर ठरतं. हे सगळं एका आयुष्यात होतं, त्यासाठी जनुकं बदलावी लागत नाहीत. शिवाय आईने काय खाल्लं त्याचा ठसा अंड्यावर उमटतो, त्यामुळे नुसती एक पिढी सारख्या खाद्यावर वाढवूनही शंका उरतेच.

म्हणून पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही गट दोन पिढ्या नेहमीच्या खाद्यावर ठेवले. 25 अंशांवर अंड्यापासून माशी व्हायला साधारण 10 दिवस लागतात, त्यावर त्या अंडी घालण्याजोग्या होईपर्यंत थांबायचं. कॅलेंडरकडे बघून जीव वरखाली व्हायचा. तिसऱ्या पिढीची अंडी ओल्या ब्रशने उचलून मोजली, प्रत्येक व्हायलमध्ये 50, कारण अळ्यांची गर्दी झाली की आहाराचा परिणाम आणि गर्दीचा परिणाम वेगळा काढता येत नाही. प्रत्येक गटाची निम्मी अंडी चांगल्या खाद्यावर, निम्मी निकस खाद्यावर.

मग दर 12 तासांनी कोष मोजणं, रात्रीसुद्धा. निकस खाद्यावर नेहमीच्या गटाच्या अळ्या इतक्या मागे पडल्या की त्या मेल्या असं समजून मी काही व्हायल टाकायला काढल्या होत्या. मॅडमनी थांबवलं. पुढच्या दिवसांत त्यांतल्या बऱ्याच अळ्या काचेवर चढल्या आणि कोषात गेल्या.

चरबीचं माप घेतलं तेव्हा एकाच खाद्यावर वाढलेल्या दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक उरलाच नव्हता. पहिल्या आलेखातला फरक बहुतेक सगळा जेवणाचा होता. खरा फरक होता तो मी रात्री पेंगत भरलेल्या कोषांच्या तक्त्यात. निकस खाद्यावर त्या खाद्याची पिढ्यान्‌पिढ्या सवय असलेल्या अळ्या लवकर कोषात जात होत्या आणि माशा आकाराने लहान निघत होत्या. लोझानच्या माशांचंही असंच आढळलं आहे. अन्न तुटपुंजं असताना अंग भरण्याची वाट न बघता वाढ लवकर पुरी करायची, हा त्यांचा मार्ग. तो मला फार सुंदर वाटतो.

प्रबंधात मी पहिल्या फेरीचा आलेखही ठेवला, दुसऱ्या फेरीच्या शेजारीच, आणि खाली लिहिलं की या माशा सारख्या खाद्यावर वाढवलेल्या नव्हत्या.